इंग्रजीला ‘हूं’ देणारी

फाल्गुन लागला की माझे कान टवकारतात. मेंढरांमागं जन्म काढलेल्या माणसाचे कान लय तिखट. लांडगा डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतो. आता माझ्याकडं मेंढरं नाहीत, माळावर लांडगेही राहिले नाहीत, पण फाल्गुनात कान उभे राहतात ते राहतातच. कुठल्या तरी घरात दहावीचं पोर मोठ्यानं इंग्रजी वाचत असतं. वाक्य संपतं, पोर दम घ्यायला थांबतं, आणि त्या थांबलेल्या जागी मला एक आवाज ऐकू येतो. बाईमाणसाचा. शब्द नव्हे, नुसतं ‘हूं’.

गावाकडं असलो की मी म्हणतो, वारा असंल. कवाड कुरकुरलं असंल. पण यंदा तो आवाज माझ्यामागं मलकापुरापर्यंत आला.

लेकीनं, रेखानं, मला मोतीबिंदू काढायला इकडं आणलं. रेखा एसटीत कंडक्टर आहे. जावई साखर कारखान्यावर. हंगाम सुरू असला की त्यांचं तोंड दिसणं मुश्कील. तिसऱ्या मजल्यावर घर. लेकीच्या घरी मुक्काम करणं माझ्या जिवावर येतं. आमच्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बाप मोजून मापून पितो. पण डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाचं कोण ऐकतो? पडून राहायचं आणि ऐकायचं, एवढंच काम उरलं होतं.

घरात नात दहावीला. आर्या. परीक्षा तोंडावर आली तरी हिच्या खोलीतून चकार शब्द नाही. मला वाटलं पोरगी झोपा काढते. शेवटी हाक मारून समोर बसवली.

“वाच की गं मोठ्यानं.”

“आजोबा, आता कोणी मोठ्यानं वाचत नाही. मी मनातल्या मनात वाचते.”

“मनातल्या मनात म्हस बी रवंथ करती. आवाज काढ.”

“तुम्हाला कळणार आहे का काही?”

“कळत न्हाई. पण अडखळलीस तर कळंल.”

हसली, पण वाचायला लागली. कसलासा उतारा होता, ‘पॅसेज’ म्हणतात तो. तिचं इंग्रजी गुळगुळीत, डांबरी रस्त्यावरनं गाडी जावी तसं. मी पट्टीखाली डोळे मिटून ऐकत होतो. एक वाक्य संपलं. आर्या थांबली. आणि कपडे धुवायचं मशीन ठेवलंय त्या कोपऱ्यातून आलं, “हूं.”

“कोण हाय गं तिकडं?”

“कोणी नाही. मम्मी ड्युटीवर आहे.”

“मग तू हूं म्हनलीस?”

“मी कशाला म्हणू? तुम्हीच म्हणालात ना?”

मी म्हणालो नव्हतो. निदान मला तसं वाटत नाही.

*

हूं कुणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या मंडळींचा. अनसाचा.

आमचं गाव माणदेशात, सातारा आणि सांगलीच्या शिवेवर. बापजाद्यांची मेंढरं, माझ्या काळात थोडी जिरायत. मी शाळेत दोन यत्ता गेलो, मग काठी हातात आली. अनसा तर शाळेच्या पायरीलाही शिवली नव्हती. पण हूं द्यावा तर तिनंच. आमच्या रानात कुणी कहाणी सांगायला बसलं, कुणी पोथी लावली, तर ऐकणाऱ्यांतल्या एकानं वाक्यागणिक हूं द्यायचा, ही रीत. सांगणाऱ्याला त्यानं बळ येतं. जुनी माणसं म्हणायची, हूं द्यायला माणूस नसलं तर कहाणी भलतंच कुणीतरी ऐकत बसतं.

अनसाचा हूं एकसारखा नसायचा. राजा वनवासाला निघाला की तिचा हूं खाली जायचा, राणीनं चातुर्य केलं की वर चढायचा. सांगणाऱ्यालाच हुरूप यायचा आणि कहाणी लांबायची.

तिनं आयुष्यात शेवटचा हूं दिला तो इंग्रजीला.

*

रेखा पहिल्या खेपेला दहावीत नापास झाली. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. आमच्या वस्तीत तोवर दहावीला कुठली पोरगीच बसली नव्हती, त्यामुळं नापास होणारीही ती पहिलीच. माझा चुलतभाऊ भिवा लगेच स्थळ घेऊन आला. पोरगा परमुलखात गलाईच्या दुकानात, सोनं आटवायच्या कामावर. आमच्या भागातली निम्मी पोरं त्याच धंद्याला.

“दादा, इंग्रजीनं काय पोट भरतंय व्हय? तुळशीचं लगीन झालं की बार उडवून टाकू.”

मी काही बोलायच्या आत अनसा आतून म्हणाली, “भावजी, एक डाव बसू द्या तिला. निघाली तर निघाली. न्हाई निघाली तर तुमी म्हनशीला तिथं दीन.”

असा सौदा ठरला. एक पेपर. त्या एका पेपरावर पोरीचा जन्म इकडचा तिकडं होणार होता, आणि तो पेपर कशाशी खातात हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मग दिवाळीनंतर अनसाच्या पोटात गाठ निघाली. सांगलीला नेली, काही दिवस ठेवली, परत आणली. डॉक्टर घरी न्या म्हणाले म्हणजे काय, ते सांगायला इंग्रजी लागत नाही.

तो फाल्गुन माझ्या नाकात अजून आहे. शाळू काढणीला आलेला. उपटलेल्या ताटांच्या मुळांना चिकटलेल्या मातीचा वास, आणि त्या वासात पोरीचं व्याकरण. रेखा पेंढ्या बांधता बांधता घोकायची. ‘नो सूनर डिड’ म्हणताना ती ओढ्यावरून उडी घेतल्यासारखी पुढं जायची आणि ‘दॅन’वर पाय टेकायची. ‘चेंज द व्हॉइस’ म्हणून पेंढीचा आळा आवळायची. शेजारच्या पट्टीतल्या बाया टिंगल करायच्या, “अगं रेखे, शाळवाला इंग्रजी कळतंय का गं? कणसात दाणं उलटं भरतील!” ती त्यांनाही इंग्रजीतच काहीतरी ऐकवायची आणि रान सगळं हसायचं.

एकदा मी विचारलं, “हे ‘रिमूव्ह टू’ काय असतंय गं?”

“आबा, वाक्यात एक शबूद असतो, टू म्हनून. त्यो काढून टाकायचा.”

“मग टाक की. त्यात काय एवढं?”

“आवं, काढायचा पर वाक्याचा अर्थ हलता कामा नये. त्येच तर अवघड हाय.”

त्या वेळी मी मान हलवून पुढच्या ताटाला हात घातला. पण पुढं कितीतरी फाल्गुन मला ते आठवत राहिलं. एक काढून घ्यायचा आणि उरलेल्याचा अर्थ हलू द्यायचा नाही. आमच्या घराला हा प्रश्न पडला, तो काही सुटला नाही. रकाना कोराच आहे.

*

सांजेला रान आटोपलं की रेखा आईच्या अंथरुणापाशी बसून उतारे वाचायची. अनसा भिंतीकडं तोंड करून पडलेली. कळा आल्या की गुडघे पोटाशी घ्यायची, पण वाक्य संपलं की हूं यायचाच.

मला राग यायचा. एकदा म्हणालो, “तुला काय डोंबलं कळतंय गं त्यातलं?”

“त्या गोऱ्याचं काय चाललंय ते न्हाई कळत,” अनसा म्हणाली. “आपल्या पोरीचं कळतंय. आत्ता हितं तिचा पाय अडखळला. रेखा, माघारी ये. पुन्हा म्हन.”

आणि रेखा पुन्हा म्हणायची. आणि खरंच तिथं अडखळलेली असायची.

हळूहळू हूं बारीक होत गेला. आधी तो ओसरीत ऐकू यायचा, मग दारापर्यंत, मग नुसता अंथरुणाभोवती. रेखा वाचताना वाक्य संपलं की वाकून कान द्यायची. हूं आल्याशिवाय पुढचं वाक्य घ्यायची नाही. कधी कधी लय वेळ लागायचा. त्या वेळात घरातली सगळी भांडीकुंडी श्वास धरून बसल्यासारखी वाटायची. मग यायचा, आणि पोरगी पुढं सरकायची.

पेपराच्या आधी अनसानं मला जवळ बोलावलं.

“माझं काय व्हायचं ते हू दे. पोरीचा पेपर चुकवायचा न्हाई.”

“गप पड.”

“शबूद द्या.”

“दिला.”

“भावकी नाचंल.”

“नाचू दे. ढोल मी वाजवतो.”

ती हसली. तिचं हसू मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

*

इंग्रजीच्या पेपरादिवशी पहाटं अनसा गेली.

रेखा शेजारी कोंडावैनीच्या घरी निजायला होती. आईच्या कण्हण्यानं झोपमोड नको म्हणून मीच तिला तिकडं धाडली होती. मी उठून कोंडावैनीच्या परसदारी गेलो, तिला बाहेर बोलावली आणि म्हणालो, “वैनी, ती गेली. पर पोरगी पेपरला जाईस्तवर ती गेली न्हाई. कळलं?”

कोंडावैनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग म्हणाली, “आळीतल्या बायकांचं मी बघती.”

आणि तिनं बघितलं. बाया परसातून आल्या आणि आमच्या गोठ्यात बसल्या. आमच्याकडं माणूस गेलं की बायांचा गळा आधी फुटतो, मग बातमी फुटते. त्या दिवशी एवढ्या बाया त्या गोठ्यात होत्या, पण बैलाच्या गळ्यातल्या घुंगरापलीकडं आवाज नाही. भिवा मात्र ओसरीवर येऊन दात ओठ खात होता.

“दादा, मढं ताटकळत ठिवायचं? कंच्या देवाची परीक्षा हाय ही?”

“मढं माझ्या घरचं हाय.”

“लोक शेन घालतील तोंडात.”

“माझं तोंड हाय. तू तुझं मिटून बस.”

मी अनसाला कुशीवर भिंतीकडं वळवली. तिची नेहमीची निजायची तऱ्हा. गळ्यापर्यंत वाकळ घातली. रेखा आली तेव्हा वेणी घातलेली, हातात पट्टी-पेन. कोंडावैनीनं तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली.

गेल्या साली पोरगी प्रत्येक पेपराला आईच्या पाया पडून गेली होती. मी उंबऱ्यात आडवा उभा राहिलो.

“रातभर कळा काढल्यात तिनं. आत्ता डोळा लागलाय. हितनंच नमस्कार कर.”

रेखानं माझ्याकडं बघितलं. मग वाकळंकडं. हात जोडले, आणि गेली. वडापची जीप मारुतीच्या देवळापाशी उभी होती. ती आत बसेपर्यंत मी बघत राहिलो. जीप वळणाला लागली, धुरळा खाली बसला, आणि मग माझ्या मागं गोठ्यातल्या बायांनी गळा सोडला. तसला आकांत मी आधी कधी ऐकला नव्हता. दाबून ठेवलेलं पाणी बांध फोडतं तसा.

दुपारी ती आली तेव्हा अंगणात माणसं, तिरडी बांधून तयार. तिनं पट्टी-पेन खुंटीच्या पिशवीत ठेवलं, आईच्या तोंडात पाणी घातलं. डोळ्याला टिपूस नाही. बाया तिच्या पाठीवर हात मारत होत्या, “रड गं माझ्या बाई, मोकळी हो.” ती रडली नाही. नदीवरून आल्यावर नाही, दहाव्याला नाही. भिवाची बायको चारचौघांत म्हणाली, “इंग्रजीनं पोरीचं काळीज वाळवलं.”

इंग्रजी निघालं. काठावर नाही, चांगलं निघालं. स्थळ परत गेलं. पुढं बारावी, कंडक्टरचा बिल्ला, एसटी. भिवाच पुढं तिच्या गाडीत बसून बाजाराला जायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा, “कंडक्टर आपली पुतनी हाय.” मी नुसती मिशी सारखी करायचो.

पण एक काटा आत राहून गेला. शब्द पाळला याचं मला दुःख नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. काटा वेगळा. ही पोरगी हट्टात माझ्यावर गेलेली. आईच्या पाया पडल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही, आणि नेमक्या त्या दिवशी, नेमक्या त्या पेपराला, एका शब्दात कशी ऐकली? का हट्ट केला नाही? वाकळ उचकटून बघते म्हणाली असती तर मी काय करणार होतो? रानात एकटा बसलो की मला तेवढंच दिसायचं. जोडलेले हात, आणि त्या हातांमागं तिचा चेहरा. त्या चेहऱ्यावर काय होतं, ते कधी नीट दिसलं नाही. आणि नंतर रेखानं कधी, काहीसुद्धा, मोठ्यानं वाचलेलं मी ऐकलं नाही.

*

परवा आर्याचा इंग्रजीचा पेपर झाला. माझी पट्टी निघाली होती. जग फार उजळ दिसत होतं, नको तेवढं. पोरगी पाया पडून, मैत्रिणीच्या गाडीवर बसून गेली. रेखानं रजा काढली होती. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती आणि खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. तिच्या कानशिलावर पांढरे केस. मी बघतच राहिलो. अनसा गेली तेव्हा एवढ्याच वयाची होती. खालचा ओठ दाताखाली धरायची खोडसुद्धा तीच.

माझ्या तोंडून निघून गेलं, “रेखा, त्या दिवशी तुला ठावं हुतं का गं?”

कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. मेथीची काडी मोडली, पाला टोपलीत टाकला.

“व्हय.”

“कशानं? आमी तर…”

“कोंडाकाकीनं अंगुळीला गार पानी दिलं. म्हनली, चूल पेटंना, सरपान वल्लं हाय.” तिनं दुसरी काडी घेतली. “फाल्गुनात कुनाचं सरपान वल्लं असतंय, आबा?”

मी दाराच्या चौकटीला टेकलो.

“भायेर आली तर आळीत कुनाच्याच घरात धूर न्हाई. एकाबी न्हाई. सगळी उठल्याली, आंगन झाडल्याली, आन चुली थंड.”

गड्या, मी सगळं झाकलं होतं. बायांचं रडं झाकलं, वाकळ घातली, भिवाचं तोंड बांधलं. पण दारात मढं असताना आळीत चूल पेटत नाही, ही रीत आमच्या हाडात इतकी मुरलेली की ती झाकायची असते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कोंडावैनीच्याही आलं नाही. कुणी कुणाला न सांगता सगळ्यांनी चुली गार ठेवल्या होत्या, आणि ती पोरगी त्या बिनधुराच्या आळीतून चालत माझ्या दारात आली होती.

“मग तवा बोलली का न्हाईस? रडली का न्हाईस?”

“गोठ्यात बाया बसल्याल्या दिसल्या मला. फटीतनं. पदर तोंडात घालून.” तिनं काड्या बाजूला सारल्या. “त्या तशा माझ्यासाठी बसल्या हुत्या. मी रडली असती तर समद्यांचं वाया गेलं असतं. आईचंबी.”

“आन आल्यावर? नंतर? येवढी वर्सं?”

“यायच्या आत सगळ्यांचं रडून झालं हुतं, आबा. मला कुठनं सुरू करायचं ते कळंना.”

“मला तरी सांगायचं.”

“तुमी कवा इचारलंसा?”

मी तिच्या समोर फरशीवर बसलो आणि मेथीची जुडी सोडायला घेतली. बोटांना गाठ सापडेना. रेखानं माझ्या हातातून जुडी काढून घेतली, आणि तशीच हातात धरून तिच्या तोंडातून एक आवाज आला. मला आधी ओळखूच आला नाही. मग तो वाढला. त्या दिवशी गोठ्यातून फुटला होता तसला, गावाकडचा, नाव घेऊन केलेला आकांत. “आये गं, माझे आये,” असा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गुळगुळीत भिंतींना असला आवाज कधी माहीत नसावा. तो भिंतीला धडकून परत यायचा आणि ती पुन्हा हाक मारायची. मी तिला गप म्हणालो नाही. एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं भिंत धरून बसलो.

दाराची घंटी वाजली. पुन्हा वाजली. मी उठून दार उघडलं. समोरच्या घरातली बाई, हात पिठाचे, चेहरा पांढरा पडलेला. तिच्या मागं जिन्यावर आणखी कुणी कुणी.

“काय झालं हो आजोबा? ताई एवढ्या का रडतायत?”

“तिची आई गेली,” मी म्हणालो.

“अगं बाई! कधी?”

आतून रेखाचा आवाज येत होता.

“आज,” मी म्हणालो. “आज पहाटं.”

बाईनं चपला दाराबाहेर काढल्या, आणि काही न विचारता ती आत रेखापाशी जाऊन बसली.